जाळ्यांच्या शेडमधला धापेचा वर्ग : देवगड तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीतून आठ नावं निघाली. पाच बाप्ये, तीन बायका. आठही नावांपुढे एकच शब्द लिहिलेला, 'दमा'.

मी फिजिओथेरपिस्ट. मंगळ, बुध, शुक्र, शनी कणकवलीत काम आणि सोमवार-गुरुवार गावात. सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) रुग्णांचा आठ आठवड्यांचा वर्ग मी शहरात असताना चालवलाय. तिथे ट्रेडमिल होती, सायकल होती, थंड हवा होती. इथे यातलं काही नाही. तरी वर्ग तोच करायचाय : आठवड्यातून दोनदा, कुणाच्या तरी नजरेखाली, चालणं आणि हातापायांची ताकद, शेवटी अर्धा तास बसून बोलणं. दुसऱ्या कुणाला आपल्या गावात हे करावंसं वाटलं तर निदान माझ्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून ही वही.

नावं लिहीत नाही. वाडीत लोक ज्या खुणेने ओळखतात तीच खूण पुरे. वरच्या वाडीतल्या आजी. काजूकाकी, ज्यांनी वीस वर्षं घरच्या कारखान्यात काजू भाजले. तांडेलकाका, म्हणजे मासेमारीची होडी चालवणारे. निवृत्त मास्तर. चिरेखाणीतले भाऊ, यांना बारा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलाय. एक रिक्षावाले, एक बागायतदार आणि एक वहिनी. तिन्ही बायकांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. चुलीला मात्र लावलाय, सात-आठ वर्षांच्या असल्यापासून.

१२ डिसेंबर

आख्खा दिवस आणि साडेचार हजार रुपये पाण्यात.

आठांपैकी तिघांचीच स्पायरोमेट्री, म्हणजे मशिनीत फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी, झालेली होती. उरलेल्या पाचांना दम्याची औषधं चालू होती, पण मशिनीत फुंकर कधी कुणी मारलीच नव्हती. निदान पक्कं झाल्याशिवाय व्यायामाला उभं करायचं नाही असं ठरवून गाडी केली, घाट चढून कोल्हापूर गाठलं. आठवडाभर आधी फोन करून वेळ घेतलेली. पोचल्यावर काउंटरवर कळलं की मशीन दुरुस्तीला गेलंय. 'तुम्हाला कुणी कळवलं नाही का?' नाही कळवलं.

त्याहून मोठी चूक माझीच. तपासणीआधी श्वासाच्या औषधाचा पंप घ्यायचा नाही हे मी सगळ्यांना बजावून सांगितलेलं, पण पंप बरोबर ठेवा हे सांगायला विसरले. घाटात गाडी वळणं घेतेय, भाऊंना धाप लागलीय आणि त्यांचा पंप घरी कोनाड्यात. काजूकाकींच्या पिशवीत निघाला म्हणून निभावलं. पंप घेऊ नका असं सांगायचं असेल, तर तो खिशात आहे की नाही हे गाडीत बसण्याआधी स्वतः बघायचं.

१९ डिसेंबर

आज सकाळी सात वाजता फोन करून 'मशीन चालू आहे ना' विचारलं आणि मगच निघालो. परत साडेचार हजार.

औषध दिल्यानंतरच्या फुंकरीत चौघांचं गुणोत्तर (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा भागिले एकूण सोडलेली हवा) ०.७० च्या खाली आलं, म्हणजे सीओपीडी पक्की. पाचवे बागायतदार. त्यांच्या फुंकरीत काहीच खोट नाही. डॉक्टरांनी त्यांचा पायजमा वर करायला सांगितला, पायावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तीन वर्षं बिचारे दम्याच्या गोळ्या खात होते. मी ह्यांना थेट वर्गात घेऊन पायऱ्या चढायला लावलं असतं, या विचाराने परतीच्या घाटात माझ्या पोटात गोळा आला. आठाचे सात झाले.

भाऊंना तीन आठवडे खोकला आहे. टीबी पूर्वी होऊन गेला म्हणून आता नसेलच असं नाही. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. अहवाल येईपर्यंत त्यांना इतरांबरोबर बसवायचं नाही असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. (नऊ दिवसांनी अहवाल आला, दोष नाही. पण ते नऊ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. ही गोष्ट मी एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवी होती. मी गाडीत, सगळ्यांसमोर सांगितली.)

३० डिसेंबर

जागेचा शोध. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटर सरळ, सपाट पट्टा लागतो. कोकणात हे मागणं म्हणजे थट्टाच. गावात एवढी सपाट जागा फक्त जेटीवर, आणि तिथे सकाळ-संध्याकाळ मासळी उतरते. पुळणीवर ओहोटीला चालवून पाहिलं, टाच रुतते.

देवळाचा सभामंडप १८ मीटर भरला. हौसेने तिथेच चौघांची चाचणी उरकली. घरी येऊन वही बघते तर लक्षात आलं, सगळे अनवाणी चालले होते. देवळात चपला कोण घालणार? उद्या दुसरीकडे चपला घालून चालले तर आकडे जुळायचे कसे? चौघांचे कागद फाडले.

शेवटी मच्छीमार सोसायटीची जाळी विणायची शेड मिळाली. चोवीस मीटर लांब, सिमेंटची जमीन, तिन्ही बाजूंनी वारा. अट एकच, जाळ्यांना हात लावायचा नाही. वास आहेच, पण तो इथे कुणाला येत नाही. वीस मीटरचा पट्टा आखला, दर दोन मीटरवर ऑइलपेंटची रेघ, दोन टोकांना रंगाचे रिकामे डबे. पट्टा आखूड असला की वळणं जास्त होतात आणि अंतर थोडं कमीच भरतं. म्हणून आमचे आकडे शहरातल्या आकड्यांशी ताडायचे नाहीत, आपल्याच आधीच्या आकड्याशी ताडायचे. पट्टा तोच, चपला त्याच, वेळ तीच.

६ जानेवारी २०२५, सत्र १

सकाळी आठची वेळ ठरवली होती. आठला नळाला पाणी येतं. दोघंजण आले. साडेदहाला परत बोलावलं तेव्हा पाच आले. पुढच्या वेळेपासून दुपारी चार, जेवण पचलेलं असतं आणि एसटीही सापडते.

चाचणीच्या वेळी आजीचा नातू, काजूकाकींची सून आणि जाळी विणणारे चारजण असे प्रेक्षक जमले. दर मिनिटाला मी ठरलेलं एकच वाक्य बोलायचं असतं, एरवी गप्प राहायचं असतं. इथे मात्र 'धाव गो आये धाव!' सुरू झालं, शिट्ट्या वाजल्या. काजूकाकी खरंच पळायला लागल्या. चाचणी बाद. अर्ध्या तासाने प्रेक्षकांना जेटीवर पिटाळून पुन्हा सुरुवात.

सगळ्यांची चाचणी दोनदा घ्यायची असते, कारण पहिल्यांदा माणूस बिचकत चालतो. होड्या आल्या आणि शेड रिकामी करावी लागली, म्हणून तिघांची मी एकदाच घेतली. आणि काजूकाकींच्या आकड्यांनी तिथल्या तिथे माझी चूक दाखवली : पहिल्यांदा २५० मीटर, विसावा घेऊन दुसऱ्यांदा २७६. व्यायाम काही न करता सव्वीस मीटर वाढले! ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तर रुग्णाला खरा फरक पडला असं धरतात. म्हणजे एकाच चाचणीवर भागवलं असतं, तर आठ आठवड्यांनंतर मी नुसत्या सरावालाच यश म्हणून मिरवलं असतं. राहिलेल्या तिघांची दुसरी चाचणी गुरुवारी घेतली.

९ जानेवारी, सत्र २

ओठ चंबू करून हळू श्वास सोडण्याचा सराव. श्वास दोन आकड्यांत आत, चार आकड्यांत बाहेर. मला वाटलं, बायकांना काय शिकवायचंय, फुंकणी सगळ्यांनी वापरलीय. म्हटलं, 'चूल फुंकता ना, तसं.'

तिघींनी गाल फुगवले, माना ताणल्या आणि अशी काही फुंकर घातली की खरी चूल असती तर राख छपराला लागली असती. वहिनींना चक्कर आली. आजी खोकत खाली बसल्या. जोर लावून श्वास सोडला की आतल्या बारीक नळ्या उलट लवकर मिटतात आणि हवा आत अडकते. शिकवायचं होतं त्याच्या नेमकं उलटं मी शिकवत होते.

दुसरं काय सांगावं ते सुचेना. आजीच म्हणाल्या, 'मगे पेजेर घालतंव तशी फुंकर काय?' हो. गरम पेजेवर घालतो तशी. वाटीतली पेज हलली पाहिजे, सांडता कामा नये. एका मिनिटात सगळ्यांना जमलं, तांडेलकाकांना सुद्धा. आता वर्गात 'पेज फुंका' एवढंच म्हणते.

१३ जानेवारी, सत्र ३

ऑक्सिमीटरने घाबरवलं. तांडेलकाकांच्या बोटाला लावला, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७९. माणूस समोर बसून हसतोय. चालताना ८८ च्या खाली गेलं की मी थांबवते; हे तर बसल्या जागी ७९. मी वर्ग थांबवला, रिक्षा बोलावली, काकांना आरोग्य केंद्रात नेलं. काका वाटेत म्हणत होते, 'बोटात काय दिसता ता बघून माका मारून टाकतंस काय?' तिथे डॉक्टरांनी काकांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून चोळले, मग यंत्र लावलं. ९४.

काका बर्फाच्या पेट्या धुऊन तसेच आले होते. बोटं गारढोण, वर जाळ्याच्या दोरीने घट्टे पडलेली. रिक्षाचे ३५० रुपये गेले. आता नियम असा : आल्यावर दहा मिनिटं बसायचं, हात चोळायचे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसेल तर यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही. मेंदी आणि नखांचा रंगही आकडा बिघडवतो. दोन यंत्रं ठेवावीत, एकाला दुसऱ्याचा पडताळा.

१६ जानेवारी, सत्र ४

संक्रांतीचे उरलेले तिळगूळ घेऊन सगळे आले. आज बसून बोलायच्या अर्ध्या तासाचा दीड तास झाला आणि तो सगळ्या सत्रांत जास्त उपयोगी ठरला. सांगितलं, आपापलं औषध आणा आणि मला घेऊन दाखवा. 'घेता का?' असं विचारून काही कळत नाही, 'हो' एवढंच उत्तर येतं.

काजूकाकींनी पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढली, लोट्यातून पाणी घेतलं आणि कॅप्सूल तोंडात टाकली. मी हात धरायच्या आत गिळलीसुद्धा. गेले सात महिने रोज दोन. ओढायचं यंत्र कुठेय? 'ता काय दुकानदारान फुकट दिलेला. नातू खेळता त्याच्यासून. कॅप्सूल गिळूचीच असता मां?'

नातवाकडून यंत्र परत मिळालं, त्यात मुंग्या. धुऊन, कोरडं करून तिथेच शिकवलं. कॅप्सूल यंत्रात, तोंड बाजूला करून श्वास सोडायचा, मग जोरात खोल ओढायचा, दहा आकडे रोखायचा, मग चूळ भरायची. इथल्या दमट हवेत कॅप्सूल मऊ पडतात, म्हणून घ्यायच्या वेळीच एक काढायची, आठवड्याच्या एकदम काढून डबीत ठेवायच्या नाहीत.

तांडेलकाकांचा पंप रिकामा होता. ते तो पाण्यात टाकून बघतात, तरंगला तर संपला. दर्यावर्दी माणसाला शोभेशी युक्ती, पण भरवशाची नाही. पंपात २०० फवारे असतात. पहिल्या दिवसाची तारीख पंपावर पक्क्या शाईने लिहायची आणि हिशेब धरायचा. काकांच्या हिशेबाने तो पंप गेल्या गणपतीपासून चालू होता.

२३ जानेवारी, सत्र ६

चालण्याचा वेग कसा ठरवायचा ते लिहून ठेवते. आजी सहा मिनिटांत २१४ मीटर चालल्या. म्हणजे मिनिटाला साधारण ३५ मीटर. त्याचे ८० टक्के धरले तर २८. आमच्या वीस मीटरच्या पट्ट्यावर एका खेपेला ४२ सेकंद. दोन मिनिटं चालायचं, एक मिनिट टेकायचं, असं करत वीस मिनिटांवर न्यायचं. धाप किती लागली हे दहापैकी आकड्यात विचारते. चार ते सहाच्या मध्ये असली तर ठीक. आजी पहिल्यापासून 'दहा'च सांगत होत्या, कारण त्यांना वाटलं दहापैकी दहा म्हणजे पास! मास्तरांनी समजावलं.

वजनांचा घोळ. जुन्या जीन्सचे पाय कापून पिशव्या शिवल्या, पुळणीवरची वाळू भरली, मासळीवाल्या मावशींच्या काट्यावर एकेक किलो तोलली. दोन आठवड्यांनी सगळ्यांना पायाची वजनं हलकी वाटू लागली. मी खूश, ताकद वाढली म्हणून! भाऊ खाणीतला माणूस, त्यांनी पिशवी हातात धरून म्हटलं, ही किलोची नाही. तोलली तर ८२० ग्रॅम. ओली वाळू भरली होती, ती वाळली. वर शिवणीतून गळतही होती. आता नदीची धुतलेली वाळू उन्हात कडक वाळवून भरली. समुद्राच्या वाळूतलं मीठ पावसाळ्यात दमट धरणार, तेव्हा ती नकोच.

खुर्च्यांबद्दल एवढंच, की मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मासळीच्या तेलकट जमिनीवर सरकतात. उठबस करायला जड लाकडी बाक, तोही भिंतीला टेकवून.

२७ जानेवारी, सत्र ७ नंतर, वरची वाडी

आजी वर्गात चांगल्या चालतात, पण दर वेळी अर्धा तास उशिरा येतात आणि आल्यावर पंधरा मिनिटं बोलतच नाहीत. आज त्यांच्याबरोबर घरी गेले.

घरापर्यंत जांभ्याची घाटी, ८४ पायऱ्या. आजी भराभर चढायला लागल्या. अकराव्या पायरीला पहिलं घर. आजी गडग्याला, दगडी कुंपणाला, टेकल्या आणि आत हाक मारली, 'गो वयनी, भात झोडून झाला?' जानेवारी संपत आलाय. भात झोडून तीन महिने झाले. आतली बाई हसत बाहेर आली आणि बोलत राहिली, सुनेबद्दल, विजेच्या बिलाबद्दल. आजी मान हलवत होत्या. त्यांच्या गळ्याच्या खळग्याकडे माझं लक्ष गेलं, तो दर श्वासाला आत ओढला जात होता. समोरची बोलत होती तोवर आजींना बोलावं लागत नव्हतं. धाप बसली तशा 'येतंय हां' म्हणून निघाल्या. पुढच्या वळणावर पोफळीकडे बघत उभ्या राहिल्या, सुपारी मोजत. पुढे पदर नीट केला. मग आणखी एक घर, आणखी एक प्रश्न. सहा थांबे, अकरा मिनिटं. वाडीत सगळे म्हणतात, म्हातारीला बोलायची भारी हौस.

पडवीत बसल्यावर मी विचारलं. बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या. 'लोकांका कळाक नको,' म्हणाल्या, 'नायतर माका घरात बसवून ठेवतीत, लग्नाक-कार्याक कोण बोलवचा नाय.'

सूर्य बुडायच्या आधी पुन्हा खाली उतरलो आणि नव्याने चढलो. दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी थांबायचं. चार पायऱ्या, थांबा. पाय उचलताना पेज फुंकायची, उभं असताना श्वास घ्यायचा. एकवीस थांबे झाले आणि वेळ लागला नऊ मिनिटं. वर पोचल्यावर आजी माझ्याशी बोलल्या, पूर्ण वाक्यात. पण पटलं नाही. 'लोक काय म्हणतले? म्हातारी चार पायऱ्यांक थांबता.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच काढलं. गुरुवारी आल्या त्या हातात परडी घेऊन. वाटेत गडग्यावरची जास्वंद, अबोली, तगर, चार पायऱ्यांमागे एक फूल. देवाला फुलं काढणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार?

दुसरी गोष्ट न्हाणीची. घरात गॅस आहे, तपासणीच्या कागदावर मी 'गॅस' अशी खूणही केली होती. गॅसवर चहा होतो. पेज, भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, आणि पाण्याची चूल न्हाणीत, बिनखिडकीच्या. जळण म्हणजे झावळ, नारळाची सोडणं, ओल असली की रॉकेलचा बोळा. भिंत हाताने पुसली तर बोटं काळी. आजी रोज पहाटे तासभर तिथे बसतात, कारण तिथे ऊब असते. 'स्वयंपाक कशावर करता?' असं विचारून चालत नाही. 'पाणी कशावर तापतं?' हे वेगळं विचारायला लागतं. उरलेल्या सहाही घरी हेच निघालं. नातवाने आणि भाऊंनी मिळून चूल मागीलदारी हलवली. चिरे भाऊंनी आणले, जुना पत्रा आणि वाहतूक मिळून ६०० रुपये.

३ फेब्रुवारी, सत्र ९

हातांच्या व्यायामाला रबरी पट्ट्यांऐवजी पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबा कापून वापरत होते. आज एक व्हॉल्व्हच्या जागी फाटली आणि मास्तरांच्या गालावर फटकारली. वळ उठला. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचा वीतभर भाग कापून टाकायचा, आणि दर सत्राआधी ताणून उन्हाकडे धरून चिरा बघायच्या. फुकटच्या सामानाला ही तपासणी जास्तच लागते.

रिक्षावाल्यांनी यायचं थांबवलं. दुपारी चारची वेळ म्हणजे त्यांची एसटीच्या प्रवाशांची वेळ, दोन तासांत दोन-अडीचशे रुपये बुडतात. विडीवरून मी चारचौघांत बोलले तेही लागलं असावं. दोनदा फोन केला, उचलला नाही. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या, त्यांना घरी करायचे व्यायाम कागदावर काढून दिले. राहिले पाच.

१३ फेब्रुवारी, सत्र १२

मास्तर नाहीत. भाजावळीचे दिवस सुरू झालेत. खालच्या मळ्यात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजायला कवळ (तोडलेल्या फांद्या), पातेरा, शेण पेटवलं, आणि संध्याकाळी वारा पडल्यावर धूर मास्तरांच्या खळ्यात दोन तास साचला. मंगळवारपासून धाप वाढलेली, कफ जास्त आणि पिवळट. हे तीन बदल दिसले की वाट न बघता डॉक्टरकडे जायचं, हे आम्ही सत्र पाचला बोललो होतो, आणि मास्तरांनी ते वहीत लाल शाईने लिहूनही घेतलं होतं. तरी दोन दिवस घरीच थांबले. 'वर्ग चुकेल म्हणून.' वर्ग चुकू नये म्हणून डॉक्टरकडे न जाणारा विद्यार्थी मला मास्तरांच्या रूपाने भेटला.

भाजावळ थांबवा असं सांगायला मी गेले नाही. लोकांचं पोट त्यावर आहे. मळेवाल्यांकडून एवढंच कबूल करून घेतलं की आदल्या दिवशी कळवायचं आणि सकाळी, वारा सुटल्यावर पेटवायचं. कळवलं की मास्तर बहिणीकडे जातात. डासांच्या कॉईलचंही आज बोलून घेतलं. एका कॉईलमधून निघणारा बारीक धूर ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतका भरतो, हे ऐकल्यावर भाऊ म्हणाले, 'मग मी विडी सोडून काय केलं?' मच्छरदाणी केलीय त्यांनी.

२४ फेब्रुवारी, सत्र १५

शनिवार-रविवार आंगणेवाडीची जत्रा. आज शेडमध्ये मी, भाऊ आणि कुत्रा. तारखा ठरवताना जत्रा, शिमगा, लग्नं यांचं काही मी धरलंच नव्हतं. मास्तर मागच्या सत्राला परत आले होते, त्यांना पहिल्या आठवड्याच्या मापावर परत आणून सुरू केलं.

काजूकाकींचा निरोप आला : जत्रेत रांगेत तीन तास उभी राहिले, मध्ये एकदाही बसले नाही. धाप लागली तेव्हा पुढच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून, जरा वाकून पेज फुंकली. पुढचा माणूस ओळखीचा नव्हता.

३ मार्च

गुरुवारी शेवटच्या चाचण्या झाल्या, आज वही जुळवली. आजी २१४ वरून २६२. काजूकाकी २७६ वरून ३३१. भाऊ २५२ वरून २९०. तांडेलकाका ३३८ वरून ३६१, ही वाढ माझ्या मोजमापात कमीच; ते सोळापैकी नऊ सत्रांना आले, बाकी वेळ समुद्रात. मास्तर ३०१ वरून २९६, म्हणजे जिथल्या तिथे, पण आजारपणानंतरचे.

तांडेलकाकांनी विचारलं, 'मगे आता मशिनीत फुंकलंय तर आकडो वाढात काय?' नाही वाढणार. फुप्फुसं आहेत तशीच आहेत. पाय बदललेत. आधी जेवढ्या चालण्याला पायाचे स्नायू जेवढी हवा मागत होते, त्याहून आता कमी मागतात. काका म्हणाले, म्हणजे इंजिन जुनंच, तळ साफ केला. होडीचा तळ खरवडल्यावर डिझेल कमी लागतं, तसं. मला आठ आठवड्यांत एवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

खर्च : गाडी दोन वेळा ९,०००, पाच स्पायरोमेट्री ३,५००, दोन ऑक्सिमीटर २,३००, चुलीचे ६००, रिक्षा ३५०, झेरॉक्स आणि वह्या २२०, टेप १८०. एकूण १६,१५०. यातले साडेबारा हजार फक्त निदानावर. व्यायामाला जवळजवळ काहीच लागलं नाही. फुंकायचं मशीन महिन्यातून एकदा जरी तालुक्याला आलं, तरी हा वर्ग कुठल्याही वाडीत उभा राहील.

५ जुलै

चार महिन्यांनी. वर्ग सुटला की केलेलं हळूहळू ओसरतं, हे माहीत होतं, म्हणून जुलैत परत मोजायचं ठरलेलं. जुलै निवडताना वाटलं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तांडेलकाका मोकळे असतील. काका मोकळे आहेत खरे, पण होड्या वर ओढल्यावर गावातली सगळी जाळी येऊन पडतात ती याच शेडमध्ये. हे मला कसं सुचलं नाही, कुणास ठाऊक. दारातून आत बघितलं तर छपरापर्यंत जाळी.

आजींच्या घाटीवर शेवाळ, मे महिन्यापासून त्या खाली उतरलेल्याच नाहीत. पडवीत फेऱ्या मारतात. वीस सुपाऱ्या एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, फेरीला एक. लावणीच्या आठवड्यात त्याही बंद होत्या, घरात माणसांचा राबता. पडवीत चाचणी होत नाही, म्हणून उठबस मोजली : मिनिटात चौदा. मार्चमध्ये सतरा होत्या. काजूकाकींच्या कॅप्सूल बुरशीच्या वासाच्या निघाल्या, टाकून नवीन आणायला सांगितल्या. एका ऑक्सिमीटरच्या बॅटऱ्या गळून पितळ हिरवं पडलंय. वापरात नसताना बॅटऱ्या काढून ठेवायच्या, हे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं.

निघताना तांडेलकाकांनी शेडच्या मागच्या अंगाने आत नेलं. भिंतीकडेने हातभर रुंद वाट मोकळी सोडलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सिमेंटवर माझ्या रेघा. दुसऱ्या तांडेलाशी त्यावरून भांडण झालं म्हणे, जाळं तिथेच टाकायचं होतं त्याला. काका, भाऊ आणि मास्तर जूनपासून रोज संध्याकाळी तिथे फेऱ्या मारतात. वळताना एकमेकांना आडवे येतात, म्हणून तिघांनी पाळ्या लावून घेतल्यात. मोजलं तर काका ३७०.

आजींना १ ऑगस्टनंतर, होड्या गेल्या की, नातवाने घाटी घासून दिली तर खाली आणायचं. ब्लीचिंग पावडर दोन किलो लागेल.